आयसोलेटेड म्हणून विकलेला पॉवर सप्लाय : पेडलबोर्ड बनवून घेण्याआधी हे वाचा

नाशकात कुणी बेस गिटारसाठी पेडलबोर्ड, म्हणजे आवाज बदलणारी पायाने दाबायची पेडल्स एका फ्रेमवर बसवून घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी माझा अनुभव वाचा. सगळ्या पेडल्सना एकत्र वीज देणाऱ्या डबीवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, माझे साडेचौदा हजार रुपये गेले. पण त्याहून जास्त लागलं ते हे की दोन महिने मी आधी माझ्या गिटारला, मग जनरेटरला आणि शेवटी घरातल्या वायरिंगला दोष देत राहिले.

मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि गणपतीतल्या कार्यक्रमांत बेस वाजवते. हळूहळू जमवलेली सहा पेडल्स होती : ट्यूनर, बॉस कंपनीचं जुनं ओसी-२ ऑक्टेव्ह (खालच्या सप्तकातला स्वर जोडणारं), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं), ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं), एक डिजिटल कोरस (आवाज दाट करणारं) आणि शेवटी प्रीअँप-डीआय (आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरला पाठवणारं). प्रत्येकाचा अ‍ॅडाप्टर वेगळा. गंगापूर रोडच्या लॉन्सवर स्टेजमागच्या अंधारात वायरींचे गुंते सोडवण्यात अर्धा तास जायचा आणि साउंडवाला खोळंबायचा. म्हणून एका ओळखीच्या ड्रमरने सुचवलेल्या माणसाकडे गेले. तो सिडकोत एका खोलीत पेडलबोर्ड बनवून देतो. त्याचं नाव इथे देत नाही.

त्याला विषय येत होता, हे मुद्दाम सांगते. त्यामुळेच माझा विश्वास बसला. ऑक्टेव्ह ड्राइव्हच्या आधी ठेवा, म्हणाला, कारण त्याला एका वेळी एकच स्वर ओळखता येतो आणि तो स्वच्छ लागतो. खालच्या ई तारेवर ऑक्टेव्ह लावू नका : ती मोकळी तार ४१ हर्ट्झची, तिच्या खालचं सप्तक साडेवीस हर्ट्झवर जातं, तिथे कानाला काही लागत नाही, नुसता स्पीकर हलतो. ड्राइव्हमध्ये मूळ स्वच्छ आवाज मिसळायचं बटण नसेल तर बेसचं पोटच निघून जातं. हे सगळं बरोबर होतं. माझी पेडल्स त्याने त्याच क्रमाने मांडली आणि आवाज खरंच सुधारला.

मग तो पॉवर सप्लायवर आला. सगळी पेडल्स एकाच निगेटिव्हवर जोडली की एकाची घाण, म्हणजे नको असलेला आवाज, दुसऱ्यात शिरते, विशेषतः डिजिटल पेडलची. आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुटचं सर्किट वेगळं असतं, एकाच्या निगेटिव्हचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. हेही बरोबरच. आठ आउटपुटचा, पूर्ण आयसोलेटेड, साडेचौदा हजार. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पॅच केबल (पेडल्स एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या केबल) आणि मजुरी धरून सगळे मिळून सत्तावीस हजार झाले. पंधरा हजार आगाऊ, त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने.

बोर्ड हातात आला तेव्हा फार देखणा वाटला. वर माझी सहा पेडल्स रांगेत, केबल नीट वळवलेल्या. सप्लाय खाली, फ्रेमच्या पोटात, वेल्क्रोने घट्ट चिकटवलेला. वाजवून दाखवलं ते छोट्या प्रॅक्टिस अँपवर, आवाज कमी, ड्राइव्ह बंद. मी वरच्या बाजूवरून हात फिरवत राहिले आणि खाली वाकून पाहिलं नाही.

पहिल्याच कार्यक्रमात कोरस आणि ड्राइव्ह एकत्र चालू केले की बारीक शीळ यायची. कॉम्प्रेसर दाबला की ती वाढायची, कारण हळू आवाज वर उचलणं हेच कॉम्प्रेसरचं काम, त्यात शीळही वर येते. फोन केला. "ताई, गिटारचं शिल्डिंग बघा." शिल्डिंग म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारं आतलं धातूचं आवरण. अठराशे रुपये घालून गिटारच्या आत तांब्याची पट्टी लावून घेतली. शीळ तशीच. मग, "लॉन्सवर जनरेटर असतो ना, त्याने होतं." घरी लावून पाहिलं, तिथेही तेच. मग, "घरातलं अर्थिंग तपासून घ्या." इलेक्ट्रिशियन येऊन गेला, अर्थिंग ठीक होतं. शिल्डिंग, जनरेटर आणि अर्थिंग ही तिन्ही कारणं खरोखर असू शकतात, म्हणून दर वेळी मला पटत गेलं.

उलगडा झाला तो तालमीत. आमच्यात कीबोर्ड वाजवणारे एक काका आहेत, वाद्यांची दुरुस्तीही तेच करतात. खाली वाकून बोर्डकडे पाहत ते म्हणाले, "अगं, या ओसी-२ला नऊच व्होल्ट दिलेत ना?"

"हो काका."

"आणि सप्लाय आयसोलेटेड?"

"हो, म्हणून तर एवढा महाग पडला."

"मग याचा दिवा एवढा लख्ख कसा?"

ओसी-२ हे बॉसने १९८२ मध्ये काढलेलं पेडल. माझ्यासारख्या जुन्या पेडल्सवर अ‍ॅडाप्टरच्या जागी 'एसीए' हे बॉसच्या जुन्या अ‍ॅडाप्टरचं नाव लिहिलेलं असतं. तो अ‍ॅडाप्टर साधारण बारा व्होल्ट द्यायचा आणि जादाचा दाब (व्होल्टेज) पेडलच्या आतला रेझिस्टर व डायोड निगेटिव्हच्या वाटेवर कमी करायचे. अशा पेडलला स्वतंत्र नऊ व्होल्ट दिले की आत दाब कमी पडतो आणि लाल दिवा मंद पेटतो. पण त्याचा निगेटिव्ह बाहेरून इतर पेडल्सच्या निगेटिव्हला जोडलेला असेल, तर करंट पॅच केबलच्या बाहेरच्या तारेच्या जाळीतून परत जातो, आतला रेझिस्टर टळतो आणि दिवा पूर्ण पेटतो. माझा दिवा पूर्ण पेटत होता. म्हणजे आठही आउटपुटचा निगेटिव्ह एकच होता.

काकांनी लगेच मल्टिमीटर काढला. ही तपासणी कुणीही करू शकतं आणि दोन मिनिटांत होते. सप्लायची मेनची वायर काढा, पेडल्समधून सगळ्या पिना काढा. मीटर बीपवर ठेवा. गिटारच्या बहुतेक पेडल्सच्या पिनेत आतलं भोक निगेटिव्ह असतं, म्हणून मीटरची एक तार एका पिनेच्या भोकात आणि दुसरी तार दुसऱ्या पिनेच्या भोकात घाला. बीप वाजला तर निगेटिव्ह एकत्र आहेत. खऱ्या आयसोलेटेडला वाजत नाही. आमचा आठही पिनांवर वाजला.

मग वेल्क्रो सोलून सप्लाय बाहेर काढला. वरच्या बाजूला छापलेलं स्टिकर होतं, 'आयसोलेटेड ८ वे'. नखाने कोपरा उचलला तर खाली कंपनीचं मूळ लेबल निघालं. त्यावर आउटपुटची संख्या आणि एकूण करंट होता, आयसोलेशनचा एक शब्दही नव्हता. तसल्याच डब्या एमजी रोडवर आणि ऑनलाइन याच्या चौथाई किमतीत मिळतात. त्या वाईट नसतात, ट्यूनर आणि दोन-तीन अ‍ॅनालॉग पेडल्सना त्यांच्यावर काही होत नाही. पण मी पैसे दिले होते ते वेगळ्या वस्तूचे. पॅच केबलही ठरल्या होत्या तशा नव्हत्या, बाजारात तयार मिळणाऱ्या साच्यातल्या होत्या. आणि ओसी-२च्या तळावर वेल्क्रो थेट लेबलवर चिकटवलेला, तो काढताना सीरियल नंबर अर्धा फाटला. जुनं पेडल विकताना गिऱ्हाईक आधी तोच नंबर बघतं.

त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की आयसोलेटेड म्हणजे एक आउटपुट शॉर्ट झाला तरी बाकीचे चालू राहतात. हे साफ खोटं आहे. त्याला शॉर्ट-सर्किट प्रोटेक्शन म्हणतात आणि साध्या डब्यांतही ते असतं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

माझ्याकडे बिल नव्हतं, 'पेडलबोर्ड काम, पूर्ण' एवढीच चिठ्ठी होती. जीएसटी नंबर नव्हता. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. मी तो मागितलाच नाही, ही माझी मोठी चूक. उपयोगी पडला तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज : "फुल आयसोलेटेड, १४,५००". त्याच्या आणि यूपीआयच्या नोंदीच्या जोरावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. म्हणून म्हणते, तोंडी बोलणं झालं की तेच मेसेजमध्ये लिहून घ्या, वस्तूचं पूर्ण नाव आणि किंमत यांसकट. आणि बोर्ड ताब्यात घेताना तो उलटा करा, वेल्क्रो लावायच्या आधी सप्लाय हातात घ्या आणि मीटर लावून बघा. समोरच्याला राग आला तरी बघा.

मागच्या महिन्यात पैसे साठवून खरा आयसोलेटेड सप्लाय घेतला, बिलासह. काकांनी आधी ओसी-२ मुद्दाम नऊ व्होल्टच्या आउटपुटला लावला. लाल दिवा मंद, जेमतेम दिसेल इतका पेटला. तो तसा मंद बघून मला रडू आलं. मग त्यांनी पिन काढून बारा व्होल्टच्या आउटपुटला लावली, दिवा पूर्ण पेटला, कोरस आणि ड्राइव्ह दोन्ही चालू केले आणि मला म्हणाले, "आता वाजव."