नवरा गेल्यावर लाडकी बहीण ठेवायची की निराधारचा पगार घ्यायचा?

रकमेवरून ठरवायला बसलात तर ठरणारच नाही. लाडकी बहीण घ्या की संजय गांधी निराधार योजना, दोन्हीकडे महिन्याला 1500. आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बंद. केंद्राच्या आणि राज्याच्या शेतकरी सन्मानचे मिळून महिन्याला हजार पडणाऱ्या बायांना लाडकी बहीणचे फक्त 500 मिळतात, तेही याच हिशेबाने. दिव्यांग असाल तर विचार करायलाच नको, निराधार योजनेत तुमचे 2025 पासून 2500 झालेत. पेच आहे तो माझ्यासारख्यांचा, ज्यांनी 2024 मध्ये फॉर्म भरला तेव्हा घरात नवरा होता आणि आता नाही.

लाडकी बहीणला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे 3000 खात्यात पडले, तेव्हा आमच्या गल्लीत किती घरी किराण्याची उधारी फिटली ते मी पाहिलंय. उत्पन्नाची अट अडीच लाखांची, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागत नाहीत. काम गावातल्या गावात, अंगणवाडीताईंकडे. तालुक्याला जायचं म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर जीपचं भाडं, ते वाचतं. सप्टेंबर 2025 च्या पावसात सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, त्या वर्षी तर मजुरी मिळेल तो दिवस सोडवतच नव्हता.

संजय गांधी निराधार योजना जुनी, अंतुले मुख्यमंत्री असताना 1980 साली सुरू झालेली, आणि तिची कागदपत्रंही त्याच काळातली वाटतात. सगळ्यात विनोदी अट उत्पन्नाची: वर्षाला 21,000. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे वर्षात 67 दिवस कामावर गेलात की मर्यादा संपायला आली. बरं, पगार स्वतःच वर्षाला 18,000 चा. जी बाई खरंच 21,000 मध्ये वर्ष काढते ती जिवंत कशी, हे कोणी विचारत नाही, फक्त ती जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी मागतात. 21,000 चा दाखला कसा निघतो हे तालुक्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, इथे लिहीत बसत नाही. त्यात तलाठ्याचा अहवाल, रहिवासी दाखला आणि तालुक्याच्या समितीची बैठक, जी कधी होईल ते शिपायालासुद्धा माहीत नसतं. माझी फाइल एकदा 'वर गेली' आणि बराच काळ वरच राहिली.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग लाडकी बहीणच बरी. मीही तेच धरून बसले होते. ते बदललं ई-केवायसीने, म्हणजे आधारवरून ओळख पटवायच्या कामाने.

सप्टेंबर 2025 मध्ये आदेश निघाला की प्रत्येकीने स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार टाकून ओटीपी द्यायचा. आमच्या गावच्या सेवा केंद्रात संध्याकाळी रांग. माझा नंबर आला, माझा ओटीपी आला, काम झालं. पुढच्या चौकटीत नवऱ्याचा आधार क्रमांक. तो मला पाठ आहे, दवाखान्याच्या दिवसांत शंभरदा सांगितलेला. पोराने टाकला आणि मान वर न करता म्हणाला, "काकू, काकांच्या फोनवर ओटीपी आला असेल, बघा." फोन घरी ट्रंकेत, सिम रिचार्जवाचून कधीच बंद पडलेलं. म्हटलं, ते नाहीत. तो म्हणाला, मग वडिलांचं टाकू. वडील जाऊन तर बारा-पंधरा वर्षं झाली असतील. मागच्या बाईने हळूच विचारलं, "भावाचं चालत नाही का?" चालत नव्हतं.

नंतर सरकारने दुरुस्ती केली. अशा बायांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईंकडे द्यायचा असं ठरलं, मुदतही डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. खूप जणींचं सुरळीत झालंही असेल. पण केवायसी दरवर्षी करायची आहे, आणि दरवर्षी त्या चौकटीसमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. निराधारच्या फाइलमध्ये नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला अर्जालाच लावलेला असतो. तिथे तो असल्यामुळे काम पुढे सरकतं. इकडे तोच दाखला अपवाद म्हणून, वेगळा, कोणाच्या तरी हातात नेऊन द्यायचा. कारकून कितीही खेकसला तरी "मालक कुठंयत" असं मला तिथे कोणी विचारलेलं नाही.

दुसरं वयाचं. लाडकी बहीण 65 ला संपते. निराधारमधल्या बाईला त्यानंतर श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या योजनेत जाता येतं, तिथेही 1500 आणि तीच 21,000 ची अट. तुमचं वय पस्तीस असेल तर याचं काही वाटणार नाही. मी पन्नाशीच्या पुढे आहे, मला वाटतं.

पैसे वेळेवर कुठे येतात? कुठेच नाही. डिसेंबर 2024 पासून निराधारचेही थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यात बऱ्याच म्हाताऱ्यांचे सुरुवातीला अडकले. माझ्या अनुभवात लाडकी बहीणचे सणासुदीला आणि निवडणुकीला लवकर येतात, निराधारचे रखडतात आणि मग दोन-तीन महिन्यांचे एकदम पडतात. लाडकी बहीणचे 2100 करू असं आश्वासन दिलं होतं, त्यावर मात्र हिशेब मांडू नका.

आता कोणी जागेवरून हलू नये तेही सांगते. मुलगा 25 चा झाला असेल किंवा कमावता असेल तर निराधारचा पगार नाकारला जाऊ शकतो, उगाच फाइलमागे पळू नका. घरच्या कोणाच्या पक्क्या पगारामुळे 21,000 चा दाखला निघणार नसेल, तेव्हाही तेच. आणि हे महत्त्वाचं: लाडकी बहीणचे नवे अर्ज ऑक्टोबर 2024 नंतर घेणं थांबलं. एकदा सोडली तर परत आत घेतील असं धरून चालू नका. म्हणून निराधारच्या मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत तिथलं काही सोडू नका. पत्र मिळालं की मात्र त्याच आठवड्यात अंगणवाडीताईंकडे लाभ सोडल्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन्हीकडचे पैसे खात्यात येऊ देऊ नका.

एक जाता जाता, कारण तहसीलात हे आपणहून कोणी सांगत नाही. घर दारिद्र्यरेषेखाली असेल आणि गेलेला कर्ता माणूस 18 ते 59 वयातला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 एकदाच मिळतात. हे वरच्या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. निराधारचा अर्ज द्यायला जाल तेव्हा मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती जास्त न्या आणि त्याच खेपेत हाही अर्ज देऊन या.