शेजाऱ्याचा नंबर झाकणारं वसुलीचं सॉफ्टवेअर: १४ महिन्यांचा अनुभव

सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत मी थकबाकी वसुलीचं काम बघते. बँकेचं नाव इथं घेत नाही आणि हे सॉफ्टवेअर ज्या पुण्याच्या कंपनीचं आहे तिचंही घेत नाही. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या काही त्यांच्या आहेत, काही आमच्या. पण वसुलीसाठी असं काही घ्यावं का, हा प्रश्न मला तासगाव, विटा, कऱ्हाडपासूनचे ओळखीचे लोक विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आम्ही ते का घेतलं, ते आधी सांगायला हवं. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी असलेला आमचा एक कर्जदार एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसला. त्याचे तीन हप्ते थकले होते. त्याचा फोन लागेना म्हणून आम्ही वसुलीसाठी नेमलेल्या एजन्सीच्या पोरानं अर्जावर ‘ओळखीची व्यक्ती’ म्हणून लिहिलेल्या मेहुण्याला फोन लावला होता, संध्याकाळी साडेसातला. मेहुणा अडत दुकानात, फोन स्पीकरवर, समोर चार हमाल आणि माल घेऊन आलेले दोन शेतकरी. पोरानं थकबाकीचा आकडासुद्धा सांगितला. दिवाणजीनं खिशातून रबर लावलेल्या नोटा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाला, “मॅडम, पैसे मी भरणारच होतो. पण आता मेहुण्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?” वसुली पूर्ण झाली होती. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

त्या एका फोनमध्ये दोन नियम मोडले होते. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात घालून दिलेली वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ अशी आहे. थकीत कर्जासाठी त्याच्या आधी किंवा नंतर फोन नाही. घरचे, मित्र, संदर्भ म्हणून नाव दिलेले लोक यांच्या खासगीपणात शिरायचं नाही, चारचौघांत मानहानी करायची नाही, सारखे सारखे फोन करायचे नाहीत, हेही त्यातच आहे. पोरगा एजन्सीचा असला तरी जबाबदारी बँकेचीच राहते, ती एजन्सीवर ढकलता येत नाही. विक्रीला आलेल्या माणसानं डेमोत मला सांगितलं होतं, “मॅडम, हे घेतलं की तुमची जोखीम संपली.” तेव्हाच मी त्याला थांबवलं होतं. कुठलंही सॉफ्टवेअर ती जोखीम घेऊ शकत नाही.

आता वस्तू कशी आहे ते. वसुलीच्या पोरांच्या मोबाइलवर ॲप, माझ्या टेबलावर संगणकात अहवाल. एका वापरकर्त्यामागे महिन्याला ६५० रुपये, आमचे १४ वापरकर्ते. पोरानं खातं उघडलं की कर्जदाराचा आणि जामीनदाराचा नंबरसुद्धा आकड्यांत दिसत नाही, नुसतं फोनचं बटण दिसतं. ओळखीच्या व्यक्तीचा नंबर तर दिसतच नाही. तो हवा असेल तर कारण लिहून माझ्याकडं मागावा लागतो. चौदा महिन्यांत माझ्याकडं ४१ मागण्या आल्या, मी ६ मंजूर केल्या, त्याही फक्त ‘त्यांना बँकेत फोन करायला सांगा’ एवढ्याच निरोपासाठी. या एका सोयीसाठी मी पूर्ण पैसे मोजायला तयार आहे. दिवाणजीच्या वेळी ही सोय असती तर तो फोन लागलाच नसता.

सात वाजले की बटण करडं होतं, दाबलं तरी काही होत नाही. हे चांगलं आहे, पण पोरगा स्वतःच्या खिशातल्या दुसऱ्या फोनवरून लावू शकतो. नंबर झाकलेला असल्यानं ते अवघड होतं, एवढंच. गावातल्या गावात नंबर मिळवणं किती सोपं असतं ते सांगायला नको.

वेळेच्या बाबतीत कंपनीची एक मोठी चूक सापडली, ती प्रत्येक घेणाऱ्यानं तपासावी. आमच्याकडं बचत गटांतल्या बायकांना दिलेली विनातारण छोटी कर्जं आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर असं कर्ज मायक्रोफायनान्समध्ये मोडतं आणि रिझर्व्ह बँकेच्याच २०२२ च्या निर्देशांनुसार त्याची वेळ वेगळी आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सगळ्यांना एकच घड्याळ. पहिले सात आठवडे आमची पोरं कुपवाडच्या बायकांना सकाळी सव्वाआठला फोन करत होती आणि अहवालात सगळं हिरवं दिसत होतं. कंपनीला सांगितल्यावर त्यांनी कर्जाच्या प्रकाराप्रमाणे घड्याळ लावून दिलं, चार दिवसांत. पण नियम आम्ही त्यांना शिकवला.

दुसरी चूक भेटींच्या नोंदीत. जत तालुक्यात काही वाड्यांवर रेंज नाही. पोरगा दुपारी तीनला भेट घेऊन येतो, ॲपमध्ये नोंद करतो, रेंज मिळते ती रात्री. अहवालात भेटीची वेळ यायची ७.५०, म्हणजे नोंद वर चढली ती वेळ. आमच्या ऑडिटरनं एका महिन्यात अशा ११ भेटी लाल शाईनं गोल केल्या. खरी वेळ दाखवायला टोलनाक्याच्या पावत्या आणि पेट्रोलची बिलं जोडावी लागली. ही दुरुस्ती यायला चार महिने लागले. पोरांच्या प्रामाणिकपणावर प्रश्न आला होता, त्यामुळे मला त्याचा राग अजून आहे.

तिसरी गोष्ट एसएमएसच्या मसुद्यांची. त्यात ‘दंडव्याजासह रक्कम’ असं तयार वाक्य होतं. हप्ता चुकला तर दंड हा शुल्क म्हणून लावायचा, व्याजदरात मिसळून दंडव्याज म्हणून नाही आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, हा नियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला आणि नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आम्ही सॉफ्टवेअर घेतलं ते त्याच्यानंतर. कर्जदार तो मेसेज घेऊन तक्रारीला गेला असता तर आमच्याकडं उत्तर नव्हतं. सगळे मसुदे मी एका रविवारी बसून मराठीत नव्यानं लिहिले.

आता रेकॉर्डिंग. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, सुरुवातीला तसं सांगितलं जातं, आणि मशीन ते ऐकून धमकीचे शब्द शोधतं. मराठी येतं असा कंपनीचा दावा आहे. वाळव्याच्या एका शेतकऱ्यानं आमच्या पोराला सांगितलं, “टोळीला उचल दिलीया, कारखान्याचं बिल निघालं की भरतो बघा.” मशीननं कॉल लाल केला. ‘उचल’ म्हणजे गाडी उचलणं असं त्याला वाटलं. ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ पैसे देतात त्याला आपल्याकडं उचल म्हणतात, हे मशीनला माहीत नाही. अशा खोट्या लाल खुणांत आठवड्याचा अर्धा दिवस जातो.

एका शनिवारी दुपारी मी हिरव्या खुणेचा एक कॉल सहज लावला. सॉफ्टवेअरनं त्याला सौजन्याचे ९४ टक्के दिले होते, पुढे शेरा ‘वायदा मिळाला’. पोरगा हळू आवाजात बोलत होता. “ताई, मी कुठं जोर करतोय? तुमच्या सवडीनं भरा. पोरीचं ठरलंय म्हणं कवलापूरला. पाव्हणे चांगले हायत. त्यांच्या कानावर गेलं तर उगं तुमालाच अवघड.” मग बराच वेळ काही नाही. कुकरची एक शिट्टी ऐकू आली. मग ती बाई म्हणाली, “दादा, उद्या भरते.”

एकही वाईट शब्द नव्हता, आणि इतकी वाईट धमकी मी बावीस वर्षांच्या नोकरीत ऐकली नव्हती. भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमात अब्रूला इजा करण्याची धमकी हासुद्धा धाकदपटशाच आहे. त्या पोराचं ॲप मी त्याच तासात बंद केलं, एजन्सीला लेखी कळवलं, संचालक मंडळापुढं रेकॉर्डिंग ठेवलं. ताईंना स्वतः फोन करून माफी मागितली आणि ते खातं माझ्याकडं घेतलं. त्यांनी एकच विचारलं, “मॅडम, त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही ना?” मला खात्रीनं सांगता आलं नाही. कॉल रेकॉर्ड होतो, चहाच्या टपरीवरचं बोलणं होत नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मी वीस कॉल स्वतः ऐकते, सगळे हिरवे. रेकॉर्डिंग आहे म्हणून ते ऐकता येतात, हे श्रेय सॉफ्टवेअरला देते. पण त्याच्या टक्क्यांवर विसंबणारी बँक उद्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं उभी राहील, किंवा पोलीस ठाण्यात.

आवडलेल्या दोन गोष्टी राहिल्या. पहिल्या भेटीआधी कर्जदाराला एजंटचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक मेसेजनं जातो, त्यामुळे दारात कोण येणार हे घरच्यांना आधी कळतं. आणि तक्रार आली की खातं कुलूपबंद होतं, तिचा निकाल लागेपर्यंत एजन्सीला दिसत नाही. त्याच कुलपात आम्ही ‘घरात दुःख’ असा एक प्रकार करून घेतला, तेरा दिवसांचा. पुरासाठी अख्खी पेठ एकदम थांबवायची सोयही मागून घेतली. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही याद्या हातानं करत बसलो होतो.

न आवडलेलं आणखी एक: भेटीच्या वेळी घराचा फोटो सक्तीचा होता. एका फोटोत शेजारची पोरं, वाळत घातलेले कपडे, सगळं आलं होतं. ती सक्ती काढायला लावली. भेट झाल्याचा पुरावा जागेच्या नोंदीवरून मिळतो, कुणाचं अंगण कशाला पाहिजे?

पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेची ही वेळापत्रकं थेट लागू नाहीत, त्यांची वसुली सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या दाखल्यावर चालते. तरी नंबर झाकण्याची सोय त्यांनीही घ्यावी. गाव लहान तेवढी तिची गरज जास्त.

आम्ही करार वर्षभरासाठी वाढवला आहे. पाचपैकी साडेतीन गुण. घेणार असाल तर डेमोला पुण्याच्या ऑफिसात बसू नका. त्यांच्या माणसाला जतला न्या, रेंज नसलेल्या वाडीवर दुपारी एक भेट नोंदवा, रात्री आठला सांगलीत येऊन ती वर चढवा आणि अहवालात कोणती वेळ छापून येते ते त्याच्यासमोर बघा.