मागच्याला टेकू: कायमचा की काढता-घालता येणारा?

क्रूझर मोटरसायकलवर चालवणारा ऐसपैस बसतो, पाय पुढे टाकतो. मागच्याच्या वाट्याला येते ती मडगार्डवरची चतकोर गादी. गाडीने उचल घेतली की तो मागे घसरतो आणि पुढच्याचं जॅकेट मुठीत धरतो. त्यामुळे बॅकरेस्ट, म्हणजे मागच्याच्या पाठीला टेकू, लावायचा हे ठरलेलंच असतं. घोडं अडतं ते कायमचा लावावा की काढता-घालता येणारा, इथे.

कायमच्या बॅकरेस्टची कमान मडगार्डच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना थेट बोल्टने आवळलेली असते. सांधे कमी, म्हणून खडखड कमी. त्याला बॅग बांधली तरी ती डुलत नाही. जाच होतो तो टांग टाकताना. पाय मागून फिरवून बसायची सवय असेल तर बूट कमानीवरच्या पॅडवर आपटतो. माझा पहिले पंधरा दिवस रोज आपटला, आणि पॅडच्या कडेवर त्याची खूण अजून आहे. मागे बसणाऱ्यालाही फूटपेगवर उभं राहून, गुडघा दुमडून आत यावं लागतं. गुडघे दुखणारं माणूस असेल तर हे आधी बसवून बघा.

काढता येणाऱ्या प्रकारात गाडीवर कायमचे राहतात ते चार गोल खुंट. कमानीच्या पुढच्या खाचा पुढच्या दोन खुंटांवर सरकवायच्या, मागची बाजू खाली दाबायची, लॅच (खटके) लावायचे. पाना लागत नाही. एकट्याने जायचं असेल तर काढून घरात ठेवा; गाडी पुन्हा सडसडीत. पण जे तुम्हाला बिनपान्याचं निघतं ते चोरालाही निघतं, तेव्हा कुलूपवाला लॅच घ्या. खुंटांवरचे रबर झिजले की खडखड सुरू होते; ते बदलता येतात. आणि लॅच अर्धवट बसलेला असला तरी वरून ठीकच दिसतो. म्हणून दर वेळी कमान मागून वर उचलून बघायची. उचलली गेली, तर बसलेलीच नाही.

खरेदीआधी एक बघून घ्या: खुंटांचा संच बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो आणि तो तुमच्याच मॉडेलचा लागतो. बाजूच्या बॅगा असतील तर जागा अडते, कधी इंडिकेटरही सरकवावे लागतात.

बसवताना, प्रकार कुठलाही असो, दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढू नका. मडगार्ड त्यांच्यावरच तोललेलं असतं. एक बाजू पुरी करून मग दुसरी. संचातले बोल्ट मूळ बोल्टपेक्षा लांब असतात. स्पेसर (बोल्टवर चढवायची छोटी नळी) विसरलात तर बोल्टचं टोक आत टायरच्या दिशेने बाहेर येतं. उभ्या गाडीत ते टायरपासून दूर वाटतं. दोघं बसून खड्डा लागला, सस्पेन्शन दबलं, की टायर त्यावर घासतो. दोन माणसं बसवून, खाली वाकून टॉर्चने बघा. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा.

मागे रोज कुणी बसत असेल तर मी कायमचाच घेईन. आठवड्यातून एखाद्या वेळी असेल तर काढता येणारा, थोडी खडखड सोसून. उंचीवर मात्र कंजुषी नको: कंबरेएवढा पॅड घसरणं थांबवतो, पाठ टेकायला त्याहून उंच लागतो. ब्रेक मारला की मागचा पुढेच येणार, तिथे दोन्ही सारखेच निरुपयोगी.