ऑक्सिजनचं मशीन (मिनिटाला 5 लिटरपर्यंत देणारं): घरी आठ महिने वापरल्यानंतर

सासूबाई 72 वर्षांच्या, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार. जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही; पण निम्मं आयुष्य लाकडाच्या चुलीपुढे, आणि ग्वाल्हेरच्या पौषातल्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी. स्पायरोमेट्रीचा (फुंकर मारून फुप्फुसं तपासतात त्याचा) कागद बघून डॉक्टरांनी आधी चुलीचंच विचारलं.

स्वस्थ बसूनही बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 86-87 टक्क्यांच्या वर जाईना, मनगटातून रक्त काढून तपासणी झाली, तेव्हा कुठे मशीन सांगितलं. धाप लागते म्हणून कुणी आपल्या मनानं घेऊ नये. हवेतला नायट्रोजन मशीनच्या आतल्या झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खड्यांमध्ये अडकतो आणि नळीतून 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन येतो. सिलेंडर भरून आणायची पायपीट संपली.

पहिला महिना आम्ही ते चुकीचंच वापरलं. दम लागला की लावायचं, बरं वाटलं की काढायचं. डॉक्टर चिडले. रोज किमान 15 तास हवं, रात्रीची झोप धरून. धाप उतरवायला औषध ओढायचा पंप, तोही स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी), आणि नंतर चूळ भरायची.

दुसरी चूक महागात पडली. दुकानदार म्हणाला होता, "दम वाढला तर चारवर करा." डॉक्टरांच्या चिठ्ठीत मिनिटाला दीड लिटर होतं. डिसेंबरात एका रात्री ऑक्सिमीटरचा आकडा घसरला, ह्यांनी बटण चारवर नेलं. 97 दिसल्यावर सगळे निर्धास्त झोपलो. सकाळी आई गुंगीत, डोकं धरलेलं, दोन हाकांनंतर एक ओ. अंगात कार्बन डायऑक्साइड साठला होता. तीन दिवस बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) काढले. त्यांच्यासाठी 88 ते 92 हीच मर्यादा; बटणावर आता चिकटपट्टी आहे.

देवघर आईंच्याच खोलीत, आणि ऑक्सिजनजवळ आग नको, म्हणजे निरांजन-उदबत्ती बंद. विजेचा दिवा आणला तर आई म्हणाल्या, "ह्यानं काय ओवाळायचं?" नळीनं नाक कोरडं पडतं म्हणून त्या गुपचूप साजूक तूप लावायच्या, ऑक्सिजनजवळ तूप-तेल चालत नाही हे पटवायला आठवडा गेला. आता पाण्याचं जेल लावतो. कानामागे नळी घासते तिथे कापूस.

आवाज जुन्या फ्रिजसारखा, रात्री जाणवतो. वीज दिवसाला पाचेक युनिट. इन्व्हर्टरवर जेमतेम दोन तास, म्हणून एक छोटा सिलेंडर भरून ठेवलाच आहे. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात ठेवू नका, दमट हवा मशीनला सोसत नाही; भिंतीपासून फूटभर लांब हवं. मशीनची हवा गाळायची जाळी दर रविवारी धुते, ऑक्सिजन ओलसर करायच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी.

दम पूर्ण गेला का? नाही. जिना अजून दोनदा थांबूनच. पण सकाळचं डोकं दुखणं गेलं, पायांची सूज उतरली. सर्व्हिसवाला मात्र तीन फोनांनंतर येतो, आणि आला तरी ऑक्सिजनची शुद्धता मोजायचं यंत्र विसरून येतो. घेण्याआधी एवढं विचारून घ्या, आणि जमलं तर पहिले दोन महिने भाड्यानंच आणा.