मदरबोर्डचे पैसे घेतले, बदलला फक्त ॲडाप्टर

लॅपटॉप सुरूच होईना. बटण दाबून दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, चार्जर लावला तरी चार्जिंगचा लाइट नाही. दुरुस्तीवाल्याने तो उघडलासुद्धा नाही. दोनदा बटण दाबलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल." म्हणजे लॅपटॉपमधला मुख्य सर्किट बोर्ड.

लॅपटॉप चालू होऊन परत मिळाला, सोबत नवा ॲडाप्टर. "नव्या बोर्डला जुना चालत नाही," म्हणे. बिलात एकच ओळ: मदरबोर्ड बदलला. जुना बोर्ड मागितला तर तो कंपनीला परत गेला होता.

घरी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) शिरले आणि त्याने पासवर्ड मागितला. तो मीच पूर्वी टाकलेला. हा पासवर्ड हार्ड डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. नव्या बोर्डला तो माहीत असण्याचं कारणच नाही. शिवाय माझ्या ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लागणारं कुलूप) आहे आणि ते बोर्डशी, म्हणजे त्यातल्या टीपीएम या सुरक्षेच्या भागाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. इथे काहीही न विचारता सरळ उघडलं.

मग जुना ॲडाप्टर मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायच्या मीटरवर) धरला. लेबलवर १९ व्होल्ट. पिनच्या आतल्या बाजूला लाल प्रोब, बाहेरच्या धातूला काळा. मीटरवर शून्य. वायर हलवून पाहिली, सॉकेट बदललं, शून्यच. ॲडाप्टर मेलेला आणि बॅटरी पार उतरलेली, बिघाड एवढाच होता! (टाइप-सी चार्जर मीटरवर असा तपासता येत नाही; तेवढ्याच वॅटचा दुसरा लावून बघा.)

म्हणून लॅपटॉप कुणाच्या हातात देण्याआधी दुसरा योग्य चार्जर नक्की लावून बघा. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग फक्त चार्जरवर चालू करा. अडकलेला चार्ज निघून गेला की कित्येकदा मशीन उठतं. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर रॅम (मेमरीची पट्टी) काढून पुन्हा बसवा, बाहेरचा मॉनिटर जोडा. बोर्ड खरंच जातो, नाही असं नाही. पिन लावताक्षणी ॲडाप्टरचा स्वतःचा दिवा विझत असेल तर बहुतेक आत शॉर्ट आहे. पण तेव्हाही एखादा कपॅसिटरसारखा छोटा भाग बदलून काम भागू शकतं, अख्खा बोर्ड लागतोच असं नाही.

जाब विचारल्यावर उत्तर आलं, "जुनी बायोस चिप नव्या बोर्डवर बसवली." मी विचारलं, बोर्ड नवा तर टीपीएमही नवं, मग बिटलॉकर गप्प कसं राहिलं? यावर त्याने फोन ठेवला. बिलावर "मदरबोर्ड बदलला" असं लेखी आहे. ते बिल, बायोसचा फोटो आणि तो मेलेला ॲडाप्टर जोडून मी ग्राहक तक्रार करते आहे.