तिसऱ्या प्रयत्नात सापडलेला आवाज : येस बँडचा ‘द येस अल्बम’

येस या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम १९६९ साली आणि दुसरा १९७० साली आला, तरीही फेब्रुवारी १९७१ मध्ये आलेल्या तिसऱ्या अल्बमला त्यांनी ‘द येस अल्बम’ असे नाव दिले. हे नाव त्या अल्बमला पूर्णपणे शोभते, असे माझे मत आहे. येसचा म्हणून जो आवाज पुढे जगभर ओळखला गेला, तो या तबकडीवर पहिल्यांदा सलग आणि स्पष्ट ऐकू येतो.

आधीच्या दोन अल्बममध्ये गुण नव्हते असे नाही. जॉन अँडरसनचा उंच, स्वच्छ गळा, ख्रिस स्क्वायरचा बेस (खालच्या स्वरांची गिटार) आणि बिल ब्रुफर्डचे ड्रम तेथेही आहेत. परंतु त्या दोन्ही तबकड्यांवर इतरांची गाणी घेतलेली होती, आणि दुसऱ्या अल्बममध्ये तर स्वतंत्र वाद्यवृंदाची जोड दिल्यामुळे गिटार आणि ऑर्गन पुष्कळ ठिकाणी दबून गेले. भव्यता हवी होती, ती बाहेरून आणली गेली. तिसऱ्या अल्बमच्या वेळी वाद्यवृंद गेला, इतरांची गाणी गेली, गिटारवादक पीटर बँक्सच्या जागी स्टीव्ह हाउ आला आणि पाचही जणांनी डेव्हन परगण्यातील एका शेतघरात राहून नव्या रचनांची तालीम केली. त्यानंतर लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. त्यात ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड बँडच्या बरोबरीने निर्माता होता, आणि या अल्बमच्या श्रेयाचा मोठा वाटा मी त्याला देईन.

‘युअर्स इज नो डिसग्रेस’ ही साडेनऊ मिनिटांहून मोठी रचना सुरू होताच फरक जाणवतो. सुरुवातीचा तुटक ठेका सगळे मिळून वाजवतात, पण कोणीही कोणाच्या अंगावर येत नाही. स्क्वायरचा रिकनबॅकर बनावटीचा बेस येथे पायाला मुकाट्याने आधार देणारे वाद्य राहिलेला नाही. तीक्ष्ण, धारदार नादाने तो स्वतःची वेगळी चाल गातो, आणि गिटार थांबली तरी रचना पोकळ वाटत नाही. हाउची गिटार एका गाण्यात अनेक वेश बदलते : कधी जॅझच्या वळणाची गोलाई, कधी लोकसंगीतातील बोटांची नक्षी, कधी करकरीत रॉक. रॉकचे गिटारवादक सहसा भरीव देहाची गिटार वाजवत असताना त्याने गिब्सनची ईएस-१७५ ही पोकळ देहाची जॅझ गिटार हाती धरली होती, हे लक्षात घेतले की त्या स्वरांमधली हवा कुठून आली ते कळते.

अल्बमचा गाभा मात्र ‘स्टारशिप ट्रूपर’च्या शेवटी आहे. तीन भागांच्या या रचनेतील ‘वुर्म’ हा अखेरचा भाग अवघ्या तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या तीन गटांवर, उभा आहे : जी, ई फ्लॅट आणि सी. सुरुवातीला गिटार एकटीच ती तीन पावले पुन्हापुन्हा टाकते. मग बेस येतो, ड्रम येतात, ऑर्गन खालून हळूहळू भरत जातो. कॉर्ड बदलत नाहीत, तरी आपण एकाच जागी उभे आहोत असे क्षणभरही वाटत नाही, कारण प्रत्येक आवर्तनात कोणीतरी थोडेसे अधिक देत असते. शेवटी आवाज पुरेसा चढला की डाव्या आणि उजव्या बाजूंच्या दोन गिटारी एकमेकींना उत्तरे देऊ लागतात. दोन्ही हाउनेच वाजवलेल्या आहेत. हा भाग हेडफोन लावूनच ऐकावा. सतारवादनातील चढत्या लयीत रंगलेल्या ‘झाला’ची ज्यांना सवय आहे, त्यांना ही वाढ समजावून सांगावी लागणार नाही.

‘आय हॅव्ह सीन ऑल गुड पीपल’चा पहिला भाग याच्या अगदी उलट, हलका आहे. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, बासरीच्या जातीचे रेकॉर्डर आणि पायाने दिलेला ड्रमचा एकच साधा ठोका, एवढ्यावर तिघांचे गळे तोललेले आहेत. दुसरा भाग मोकळ्याढाकळ्या रॉक अँड रोलचा आहे, आणि त्याच्या अखेरीस गाणारे गळे प्रत्येक आवर्तनाला एकेक पायरी खाली उतरत विरून जातात. शेवटच्या ‘परपेच्युअल चेंज’मध्ये एक धाडस आहे : मध्यावर संपूर्ण बँड एका बाजूला सरकतो आणि दुसऱ्या बाजूने तोच बँड निराळ्या मात्रांचा निराळा तुकडा वाजवू लागतो. दोन ठेके एकाच वेळी चालत राहतात. ही करामत कागदावर कोरडी वाटेल, पण ऐकताना तिचा धक्का फार सुखाचा आहे.

सगळेच इतके पक्के नाही. ‘अ व्हेंचर’ हे तीन मिनिटांचे गाणे मला अपुरे वाटते. पियानो रंगात येऊ लागतो आणि तेवढ्यात आवाज मावळतो. ‘क्लॅप’ हा हाउचा एकट्याचा तुकडा लंडनच्या लायसियम नाट्यगृहातील मैफलीत जुलै १९७० मध्ये मुद्रित झालेला आहे. तो प्रसन्न आहे, परंतु अल्बमच्या प्रवाहात पाहुण्यासारखा बसतो.

एका वादकाबद्दल मात्र बोलले पाहिजे. कीबोर्डवादक टोनी के याचा हा या काळातील येसबरोबरचा शेवटचा अल्बम ठरला. मुखपृष्ठावर त्याचा प्लास्टरमधला पाय ठळक दिसतो. नव्या कीबोर्ड वाद्यांपेक्षा त्याचा ओढा हॅमंड ऑर्गन आणि पियानोकडे होता आणि त्याच वर्षी रिक वेकमन त्याच्या जागी आला. वेकमनच्या झगमगाटापुढे के याला कमी लेखण्याची पद्धत पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. त्याचा ऑर्गन जाड, ऊबदार आणि थोडक्यात बोलणारा आहे. त्याने रान मोकळे ठेवले म्हणूनच हाउ आणि स्क्वायर इतके पसरू शकले.

अल्बम विकत घ्यायचा तर संगीतकार स्टीव्हन विल्सनने नव्याने मिश्रण केलेली २०१४ ची आवृत्ती घ्यावी. तिच्यात बेस आणि ऑर्गन यांच्यातील अंतर अधिक स्वच्छ ऐकू येते, आणि मूळ मिश्रणाचा तोल कुठेही ढळलेला नाही. घरी टर्नटेबल असेल तर जुन्या तबकडीची पहिली बाजू वेगळी लावून पाहावी. ती ‘वुर्म’वर संपते, आणि त्यानंतर तबकडी उलटण्यापूर्वी थोडा वेळ काहीही न लावता बसावेसे वाटते.