बक्षिसात विमान लागलंय म्हणून फोन आला तर आधी हे वाचा

अमेरिकेत हौसेने विमान उडवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. मी टेक्सासमधे असतो, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, क्लबचं सेसना १७२ हे छोटं विमान भाड्याने उडवतो, स्वतःचं घ्यायची ऐपत नाही पण हौस दांडगी. आता इकडे विमानाचे खरे ड्रॉ निघतात बरं का, एओपीए ही पायलट लोकांची संस्था कित्येक वर्षं स्वीपस्टेक्समधे खरंखुरं विमान देत आलीये, त्यामुळे "सर, तुम्हाला विमान लागलंय" हे ऐकून पायलट माणूस लगेच हसत नाही. त्यात जुलैत ऑशकॉशच्या विमानांच्या मेळ्याला जाऊन आलेल्याने कुठल्या ना कुठल्या स्टॉलवर फॉर्म भरलेला असतोच, कुठला ते कुणाला आठवतंय! ठगांना तेवढं पुरतं.

मलाही असाच फोन आला. फोनवरची बाई अगदी गोड बोलायची. म्हणाली तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत, एकतर तयार १७२ घ्या नाहीतर आरव्ही-१० चं अख्खं किट (म्हणजे सुटे भाग, विमान आपण घरी बांधायचं), इंजिनासकट, शुक्रवारपर्यंत कळवा. आणि खरी मेख इथेच आहे. बक्षीस खरं की खोटं हा प्रश्न राहिला बाजूला आणि घरात वाद कशावर, तर सेसना की किट! बायको म्हणे तयार घे, तुझ्या हातून भिंतीवरचं एक शेल्फ पुरं होत नाही. माझं म्हणणं, १७२ चं ॲन्युअल, म्हणजे वर्षाची तपासणी, दरवर्षी मेकॅनिककडून करून घ्यावं लागतं आणि तो खर्च झेपणार नाही, त्यापेक्षा किट स्वतः बांधलं तर एफएए (इकडचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) रिपेअरमन सर्टिफिकेट देतं आणि वर्षाची कंडिशन इन्स्पेक्शन आपली आपण करता येते. हे सगळं खरंच आहे, माहिती बरोबर होती, फक्त विमानच नव्हतं.

किट ठरलं. मग खोक्यांत पॅकिंग आणि ट्रकचं भाडं म्हणून २४०० डॉलर बँकेतून वायरने गेले. त्यानंतर मागितला "टॅक्स", ९००० डॉलर, आधी भरा मग माल निघेल, आणि तिथे डोकं ठिकाणावर आलं, कारण असल्या बक्षिसाचा टॅक्स देणाऱ्याच्या हातात द्यायचा नसतो, त्यांच्याकडून बक्षिसाची किंमत दाखवणारा १०९९ फॉर्म येतो आणि आपण ते रिटर्नमधे दाखवून टॅक्स सरळ आयआरएसला, म्हणजे टॅक्स खात्याला, भरतो.

मग त्यांनी पाठवलेलं सगळं परत काढून बसलो. १७२ चा एन-नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) मी आधीच एफएएच्या रजिस्ट्रीत टाकून बघितला होता (फुकट आहे, कुणीही बघू शकतं), विमान खरं निघालं पण मालक भलताच एक ट्रस्ट. विचारलं तर म्हणे आमचाच ट्रस्ट आहे. विमानं ट्रस्टच्या नावावर ठेवतात हे इकडे सर्रास चालतं, म्हणून तेव्हा पटलं. आता कॉकपिटचा फोटो मोठा करून बघितला तर पॅनलवरच्या छोट्या पट्टीवरच्या एन-नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं! म्हणजे बाहेरचा फोटो एका विमानाचा, आतला दुसऱ्याच.

किटचे कागद तर त्याहून भारी. "एअरवर्दीनेस सर्टिफिकेट (विमान उडवण्यायोग्य असल्याचा दाखला) आपल्या नावाने तयार आहे." अरे, खोक्यातल्या पत्र्यांना कसलं एअरवर्दीनेस? अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, विमान पूर्ण झाल्यावर तपासणी होते मग ते मिळतं, आणि त्यानंतरही टेस्ट फ्लाइंग असतं. शिवाय आरव्ही-१० शेपटी, पंख, फ्युजलाज (मधला सांगाडा) असं भागाभागात मागवतात, इंजिन आणि प्रॉपेलरचा हिशोब वेगळा. त्या बाईला एवढंच म्हटलं की किटचा ऑर्डर नंबर द्या, मी कारखान्यात फोन करून विचारतो. फोन कट. नंतर तो नंबर लागलाच नाही.

बँकेला वायर परत बोलवायला सांगितलं पण तोवर खातं रिकामं झालं होतं. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर आणि एफटीसी या ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार टाकलीये. तुमच्या बाबतीत असं झालं तर बँकेला त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करा, तक्रारी नंतर लिहा. आणि हो, परवा एकजण म्हणाला तुमचे २४०० परत मिळवून देतो, फी फक्त ४०० डॉलर आगाऊ. माझे पैसे गेलेत हे त्याला कसं कळलं विचारा! हेही त्यांच्यातलेच किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेतलेले, अशांचा नंबर सरळ ब्लॉक करा.